सांधे नसलेली लादी आणि आजींचा खुबा

"सर, घर आता एकदम स्वच्छ झालंय. जमिनीला एकही सांधा नाही," असं म्हणत त्या मुलाने मोबाइलवरचा फोटो माझ्यापुढे धरला. राखाडी रंगाची, आरशासारखी गुळगुळीत जमीन. हॉलपासून न्हाणीघरापर्यंत एकच रंग, मध्ये रेघ म्हणून नाही. त्याची आई, वय ७१, पलीकडच्या खाटेवर होती. त्याच जमिनीवरून पहाटे न्हाणीघरात जाताना तिचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया अस्थिरोगतज्ज्ञ करणार होते. रक्तदाब, साखर आणि हृदय पाहून 'फिटनेस' देण्याचं काम माझं होतं. मुलाला फोटो दाखवताना त्यातला विरोधाभास जाणवत नव्हता. मला दोष द्यायचा नव्हता. कारण त्याने ती जमीन का करून घेतली ते ऐकल्यावर त्याचा निर्णय मला निम्म्याहून अधिक पटला होता.

घर विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, तीस वर्षं जुन्या इमारतीत. लादी ठिपक्यांची, मोझेकची. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा लादी बदलायची असं ठरलं होतं. पण २० मे २०२५ रोजी शेजारच्या कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्याचा स्लॅब कोसळला आणि खालचे मजले घेत थेट तळाशी आला. सहा जणांचा जीव गेला, त्यात एक लहान मूलही होतं. त्या वेळी चौथ्या मजल्यावर लादी बसवण्याचं काम सुरू होतं, असं अधिकाऱ्यांनी सांगितल्याचं आपण सगळ्यांनी वाचलं. उल्हासनगरकरांना तर त्याआधीच्या आठवणीही होत्या. २८ मे २०२१ रोजी साई सिद्धी इमारतीचा स्लॅब असाच वरून खाली आला होता आणि सात जण गेले होते. कल्याणच्या घटनेनंतर या मुलाच्या सोसायटीने फलक लावला: लादी फोडायची नाही, हातोडा-ब्रेकर चालवायचा नाही. मग कुणीतरी मायक्रोसिमेंट सुचवलं.

हे मायक्रोसिमेंट म्हणजे सिमेंट, बारीक वाळू किंवा संगमरवराची भुकटी, रंग आणि पॉलिमर म्हणजे चिकट रेझिन यांचं मिश्रण. जुनी लादी न काढता तिच्यावरच जाळी लावून दोन-तीन हात पाट्याने ओढायचे, प्रत्येक थर वाळला की घासायचा आणि शेवटी वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर द्यायचा. सगळं मिळून जाडी दोन ते तीन मिलिमीटर. परदेशी मासिकांत, कॅफेत आणि कपड्यांच्या दुकानांत दिसणारी ही जमीन आता आपल्याकडच्या वन बीएचकेतही आली आहे. कल्पना मात्र नवी नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीला कुठे सांधा होता? त्यानंतरचा कोबाही अखंडच. आजोळच्या घरातला लाल कोबा ज्यांना आठवत असेल, त्यांना मायक्रोसिमेंट पाहून फार नवल वाटणार नाही. कोब्याच्या नातवाने पॉलिश लावून शहरात नोकरी धरली, इतकंच.

वजनाचा मुद्दा आधी मोकळा करतो. मी इंजिनीअर नाही, पण गुणाकार येतो. शंभर चौरस फुटांच्या खोलीत दीड-दोन इंच वाळू-सिमेंटचा मसाला आणि त्यावर नवी लादी म्हणजे सुमारे टनभर ओझं. जुनी लादी न काढता हे वर चढवलं तर तेवढी भर स्लॅबवर पडते. शिवाय काम चालू असताना फोडलेल्या लादीचं डेब्रिज, वाळूच्या गोणी आणि लादीचे खोके एकाच कोपऱ्यात रचले जातात, ते वेगळं. मायक्रोसिमेंटचा थर त्याच खोलीत पन्नास-साठ किलोंच्या आसपास भरतो. हातोडा नाही, हादरे नाहीत. जुन्या इमारतीत राहणाऱ्याने हा विचार केला तर तो शहाणपणाचा आहे. फक्त एक सांगतो. जमीन नवी दिसू लागली म्हणून स्लॅब नवा होत नाही. खालच्या घराच्या छताला भेग असेल, सळया उघड्या पडल्या असतील, तर वरून कितीही सुंदर थर द्या, दुखणं आत तसंच राहतं. तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याने बंधनकारक केली आहे. ती आधी, रंग मग.

आता त्या मुलाच्या मूळ वाक्याकडे येतो. एकही सांधा नाही, म्हणून स्वच्छ. विक्रेते हेच सांगतात: सांध्यांत जंतू साठतात, अखंड जमिनीवर साठत नाहीत, म्हणून ही 'आरोग्यदायी' जमीन. दवाखान्यांचं उदाहरणही देतात. शस्त्रक्रियागृहात अखंड जमीन असते हे खरंच आहे. तिथे रक्त-पू सांडतो, दिवसातून अनेकदा जंतुनाशकाने धुवावं लागतं, आणि उघड्या पोटाचा रुग्ण टेबलावर असतो. म्हणून जमीन आणि भिंत जिथे मिळतात तो कोपराही तिथे गोल करतात. घरात यातलं काय आहे? घरातले आजार येतात ते न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून, उघड्या अन्नातून आणि एकमेकांच्या खोकल्यातून. लादीच्या सांध्यातून जुलाब झालेला रुग्ण गेल्या तीस वर्षांत तरी मला भेटलेला नाही. रांगणारं मूल घरात असेल तर जमीन पुसा, चपला बाहेर काढा. सांधे असोत-नसोत, दोन्हीकडे नियम एकच.

सांध्यांत काळं पडतं त्याचं काय, असं कुणी विचारेल. ती बुरशी असते आणि दमेकऱ्याला तिचा त्रास होऊ शकतो. पण बुरशी सांध्यामुळे येत नाही, ओलीमुळे येते. वालधुनीच्या काठाला तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको. पावसाळ्यात तिथे खालून ओल चढते. तिच्यावर पारदर्शक थराचं झाकण घातलं की वाफ बाहेर पडायला जागा शोधते. थराला फुगे येतात, पापुद्रे सुटतात, नाहीतर ओल भिंतीकडे सरकते. गळती आणि ओल बंद न करता मायक्रोसिमेंट करू नये, हे ते करणारे चांगले कारागीर स्वतःच सांगतात. ऐकणारा हवा.

म्हणजे ज्या सांध्याला आपण गुन्हेगार ठरवला, त्याच्यावरचा आरोप घरापुरता टिकत नाही. उलट न्हाणीघरात तो आपलं एक काम मुकाट्याने करत होता.

पाय सरकतो कसा, ते पाहा. ओल्या जमिनीवर टाच टेकते तेव्हा टाच आणि जमीन यांच्यात पाण्याचा पातळ पडदा असतो. जमीन थोडी खरबरीत असेल तर तिची बारीक टोकं तो पडदा फोडून पायाला भिडतात आणि पाय थांबतो. जमीन गुळगुळीत असेल तर पाय पाण्यावर तरंगतो. त्यात साबण असला तर बोलायलाच नको. लहान लादीच्या सांध्यांमुळे हा पडदा जागोजागी तुटतो, पाण्याला निसटायला वाट मिळते. म्हणूनच शॉवरखाली दोन-दोन इंचांच्या लाद्या बसवायची पद्धत आहे. मायक्रोसिमेंट मुळात गुळगुळीत नसतं, हे आवर्जून सांगायला हवं. ते हवं तेवढं खरबरीत ठेवता येतं. पण शेवटचा चकचकीत थर तो खरबरीतपणा भरून टाकतो. आणि घरमालकाला फोटोत चकाकीच हवी असते.

आजींच्या घरी हेच झालं होतं. कारागिराने हॉलमध्ये जो चकचकीत थर दिला, तोच न्हाणीघरातही दिला. "उरला होता, आणि मॅचिंग दिसत होतं," असं मुलगा म्हणाला.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात फोटो पुन्हा पाहताना आली. हॉल, पॅसेज, न्हाणीघर, भिंत, सगळं एकाच राखाडी रंगात. न्हाणीघराची जमीन दीड इंच खाली होती, पण ती कड फोटोत मलाच दिसेना. आजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. साठीनंतर डोळ्याला रंगातला सूक्ष्म फरक आणि खोली कमी कळू लागते. अशा माणसाला जमीन कुठे संपते, पायरी कुठे सुरू होते हे सांगणारी खूण लागते. पूर्वी उंबरठा होता, लादीचा रंग बदलायचा, सांध्याची रेघ होती. आपण सौंदर्यासाठी या सगळ्या खुणा पुसल्या. तरुण डोळ्याला ते मोकळं-मोकळं वाटतं. म्हाताऱ्या डोळ्याला ते धुकं असतं.

त्यात बाकीचं आलंच. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याचा दाब पहाटे उठून एकदम उभं राहिल्यावर उतरतो, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. दहा-पंधरा वर्षांच्या मधुमेहाने तळपायाची जाणीव बोथट झालेली असते, खाली पाणी आहे हे पायाला कळतच नाही. हाडं ठिसूळ असतात. अशा माणसाला पडायला केळीची साल लागत नाही.

खुबा मोडणं म्हणजे हाड मोडणं एवढंच नाही, हे घरच्यांना समजावताना माझा रोजचा वेळ जातो. पडून राहिलं की न्यूमोनिया, पायाच्या शिरेत गुठळी, पाठीला जखमा, लघवीचा संसर्ग. शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत व्हावी असा आग्रह याचसाठी असतो. तरीही खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो, असं देशोदेशीचे अभ्यास सांगतात. काही ठिकाणी प्रमाण याहून जास्त आहे. जे वाचतात त्यांतले बरेच पुन्हा आधाराशिवाय चालत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्ते अपघातांखालोखाल क्रमांक पडण्याचा आहे. आपण रस्त्यावर हेल्मेटसाठी दंड घेतो. न्हाणीघरातल्या जमिनीविषयी मात्र रंगापलीकडे काही विचारत नाही. (आमच्या रुग्णालयातही बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीच्या वेळीच फरशी पुसतात. मी स्वतः एकदा त्यावरून घसरलो आहे, तेव्हा हे दुसऱ्यांना उपदेश म्हणून लिहीत नाही.)

काय विचारायचं? जमिनीच्या घसरपट्टीचं मोजमाप असतं. युरोपातून आलेल्या पद्धतीत आर ९ ते आर १३ असे दर्जे आहेत; आकडा मोठा तितकी पकड जास्त. ते बूट घालून तेलकट उतारावर चालण्याच्या चाचणीतून येतात, तेव्हा अनवाण्या पायाला तंतोतंत लागू पडत नाहीत, पण अंदाज येतो. न्हाणीघरासाठी आर १० च्या खाली जाऊ नये, आर ११ असेल तर उत्तम. हॉलमध्ये काय हवं ते करा. कारागिराला हे आकडे ठाऊक नसतील तर नमुन्याचा फूटभर तुकडा करून मागा, त्यावर साबणाचं पाणी ओता आणि खुर्चीवर बसून अनवाणी पाय दाबून घासून पाहा. पाय सुरकन गेला तर तो थर नको. चकचकीतऐवजी मॅट थर, त्यात घसरणविरोधी बारीक दाणे मिसळलेला, मिळतो. खर्चात फारसा फरक पडत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख घरमालकापुरता झाला असता. पण मुलाने बोलता बोलता आणखी एक सांगितलं. काम चालू असताना घरात आठ दिवस धुरळा होता. जुन्या मोझेकला चिकट धरावी म्हणून मिस्त्रीने ती आधी ग्राइंडरने कोरडी घासली, मग प्रत्येक थर घासला. तोंडाला रुमाल. "सारखा खोकायचा तो, पण कामाला एक नंबर."

या खोकल्याशी माझी ओळख आहे. काही महिन्यांपूर्वी चौतिशीचा एक माणूस आमच्याकडे आला होता. दोनदा क्षयाचे उपचार झालेले, तरी दम लागतो. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गाठींची रांगोळी. काम काय करता, तर म्हणाला, "मशीन मारतो." कसलं मशीन? लादी कापायचं आणि घासायचं. चौदा वर्षं. त्याच्या केसपेपरवर तोवर व्यवसायाच्या रकान्यात 'मजूर' एवढंच लिहिलेलं होतं. आम्हा डॉक्टरांची ही चूक आहे. मजूर म्हणजे काय श्वासात घेणारा मजूर, हे आम्ही विचारत नाही.

वाळू, ग्रॅनाइट, काँक्रीट, लादी या सगळ्यांत स्फटिकरूप सिलिका असते. कोरडी घासली की तिची धूळ उडते. नाकाला खाज आणणारी, डोळ्यांना दिसणारी धूळ त्यातल्या त्यात बरी. ती वरच अडकते. घातक असते ती न दिसणारी. ती फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचते, तिथल्या पेशी तिला गिळतात आणि स्वतः मरतात, जागोजागी व्रण पडतात. हाच सिलिकोसिस. औषधाने तो मागे हटत नाही. त्यात क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आणि फुप्फुसाचा कर्करोगही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच कामाच्या ठिकाणी श्वासात जाणाऱ्या या धुळीला निश्चित कर्ककारक ठरवलं. अमेरिकेत कामगाराच्या श्वासातल्या हवेत दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. चिमूटभर मीठ किती लहान. हे त्याच्या हजारो पटींनी कमी. रुमालाने ते अडत नाही. ऑस्ट्रेलियात स्वयंपाकघराचे कृत्रिम क्वार्ट्झचे ओटे कापणारी तिशी-चाळिशीतली पोरं या रोगाने आजारी पडू लागली, तेव्हा त्या देशाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावरच बंदी घातली.

मायक्रोसिमेंट तितकं वाईट नाही, हेही सांगतो. जुनी लादी फोडण्यापेक्षा तिच्यावर थर देण्यात धूळ मुळात कमी. पण ती कमी धूळही बंद फ्लॅटमध्ये, पंखा बंद, खिडकी लावलेली, आठ तास, आणि एक घर संपलं की दुसरं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा शासनाला कळवायचा रोग ठरवला. विठ्ठलवाडीच्या दुसऱ्या मजल्यावर ग्राइंडर घेऊन बसलेला माणूस कुठल्या कारखान्यात आहे?

त्याला वाचवणं घरमालकाच्या हातात असतं, आणि फार कठीणही नसतं. घासायचं मशीन धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमला जोडलेलं मिळतं. ते आहे का, हे कंत्राट देतानाच विचारा. नसेल तर लादी ओली करून घासायला सांगा, मात्र विजेच्या मशीनला पाण्याजवळ चालवायची नीट सोय हवी. एन-९५ मास्कचा खोका आपण आणून द्या. कोविडच्या काळात आपण सगळे ते वापरायला शिकलो आहोत. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर तेवढे दिवस त्यांना नातेवाइकांकडे पाठवा. केराने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ओल्या सिमेंटचा क्षार त्वचा जाळतो, म्हणून गुडघे टेकून काम करणाऱ्याला जाड रबरी पट्टे आणि हातमोजे हवेत. वरच्या पॉलियुरेथेन थराचे काही प्रकार दोन डब्यांतून मिसळून लावतात. त्यातला आयसोसायनेट हा घटक दमा जडवू शकतो, लावणाऱ्याला विशेषतः. लावल्यावर खिडक्या उघड्या ठेवून निदान आठवडाभर त्या खोलीत झोपू नये.

आणि ही जमीन झाल्यावर न्हाणीघरात ॲसिड ओतू नका. सिमेंटला ॲसिड खातं, थर उखडतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करण्याची सवय तर कुठल्याच जमिनीवर नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत असा एखादा घुसमटलेला रुग्ण आमच्याकडे येतोच.

आजींची शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं टाकली तेव्हा त्यांनी आधी खाली पाहिलं, आमची फरशी ओली आहे का ते. मुलगा नंतर तपासणीला घेऊन आला, तेव्हा पुन्हा मोबाइल काढला. न्हाणीघरातला चकचकीत थर घासून काढून दाणेदार मॅट थर दिला होता, शॉवरखाली लहान लाद्या, भिंतीला स्टीलचा दांडा आणि दाराच्या कडेला चार बोटं रुंद पिवळी पट्टी. "शोभा गेली जरा," तो म्हणाला. आजी म्हणाल्या, "मला दिसते ना, मग झालं."

हे काम त्याच मिस्त्रीने केलं. या वेळी मास्क लावून. मी मुलाला म्हटलं, त्याला एक दिवस छातीच्या एक्स-रेला पाठव, इथे पैसे पडत नाहीत. निरोप दिलाय म्हणाला. मिस्त्री अजून आलेला नाही. दिवाळीपर्यंत त्याच्याकडे पाच घरं आहेत.